विश्लेषण : सजीवांमागे ‘रचनाकार’ आहे, हे विज्ञानाने तपासता येते? डार्विन यांची कसोटी काय होती?

डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव आपोआप घडूच शकत नाही, त्यामागे कुणी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, हा युक्तिवाद आज ‘इंटेलिजेंट डिझाइन’ या नावाने मांडला जातो. तो तपासायचा कसा, हे समजून घेण्यासाठी चार्ल्स डार्विन यांचे आयुष्य पाहावे लागते. कारण तरुणपणी असाच युक्तिवाद त्यांनाही पटला होता.

पाद्री होता होता...

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडल्यावर वडिलांनी त्यांना पाद्री होण्यासाठी केंब्रिजला धाडले. तिथे विल्यम पेली यांच्या लेखनाने ते भारावले. माळावर घड्याळ सापडले तर ते कुणीतरी घडवलेले असणार. मग डोळा घडवणाराही असलाच पाहिजे, असा पेली यांचा तर्क होता.

मत का बदलले?

१८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजावरून डार्विन यांनी जगप्रवास केला. गालापागोसमध्ये बेटागणिक थोडे वेगळे पक्षी दिसले. परतल्यावर वीसेक वर्षे त्यांनी पुरावे जमवले, कबुतरे पाळून पाहिली. १८५१ मध्ये दहा वर्षांची लेक अ‍ॅनी गेली. पत्नी एमा श्रद्धाळू होत्या. डार्विन यांची श्रद्धा मात्र ओसरत गेली.

स्वतःचाच सिद्धांत पणाला?

१८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले. लहान लहान बदलांतून घडणे अशक्य असलेला एक जरी अवयव कुणी दाखवला, तरी आपला सिद्धांत कोसळेल, असे त्यांनी त्यातच नमूद केले.

ऑर्किडचे भाकीत काय?

१८६२ मध्ये त्यांनी मादागास्करच्या एका ऑर्किडचा अभ्यास केला. त्याची मकरंदाची नळी जवळपास फूटभर लांब होती. तिच्या तळापर्यंत सोंड पोहोचेल असा पतंग तिथे असलाच पाहिजे, असे भाकीत त्यांनी केले. १८६७ मध्ये ड्यूक ऑफ अर्गाइल यांनी हेच फूल दैवी रचनेचा दाखला म्हणून पुढे केले. डार्विन १८८२ मध्ये निवर्तले. १९०३ मध्ये तसा लांब सोंडेचा पतंग नोंदवला गेला. तो नसल्याचे दिसते, तर डार्विन अडचणीत आले असते. ड्यूक यांचा दावा मात्र काहीही झाले तरी अबाधितच राहिला असता.

मग रचनेचा दावा तपासता येतो का?

त्यातील नेमके दावे तपासता येतात. एक भाग काढला तरी जिवाणूची शेपटी, म्हणजे फ्लॅजेलम, निकामी होते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाही, असे मायकल बेही यांनी १९९६ मध्ये मांडले. पण तिच्या बुडाशी असलेल्या भागांसारखेच भाग इतर जिवाणूंमध्ये प्रथिने टोचण्याचे काम करतात. म्हणजे अपुरी यंत्रणाही दुसऱ्या कामाची असू शकते.

मूळ दाव्याचे तसे नाही. रचनाकार कोण, तो कधी आणि कसे काम करतो, हे सांगितलेच जात नाही. त्यामुळे कोणतेही निरीक्षण त्यात बसते. २००५ मध्ये अमेरिकेतील डोव्हर खटल्यात न्यायालयाने हा विचार विज्ञान नसल्याचा निर्वाळा दिला. रचनाकार नाहीच, असे यातून सिद्ध होत नाही. पण जो दावा कशानेच खोटा ठरू शकत नाही, त्याची परीक्षा प्रयोगशाळेत घेता येत नाही.