कागदावरची कमान उभारणारा सम्राट

हॅब्सबर्ग घराण्याचा सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याला आपले नाव विस्मृतीत जाईल, याची धास्ती आयुष्यभर होती. त्या धास्तीतूनच युरोपीय प्रबोधनकाळातील एक भव्य वंशवृक्ष साकारला.

२२ मार्च १४५९ रोजी ऑस्ट्रियातील वीनर नॉयश्टाट येथे त्याचा जन्म झाला. १४७७ मध्ये बर्गंडीची वारसदार मेरी हिच्याशी विवाह झाल्याने नेदरलँड्सचा संपन्न मुलूख घराण्याकडे आला. मात्र अवघ्या पाच वर्षांत घोड्यावरून पडून मेरीचे निधन झाले. पुत्र फिलिपचा विवाह स्पेनची राजकन्या हुआना हिच्याशी झाला. तोही १५०६ मध्ये अकाली गेला. १५०८ मध्ये राज्याभिषेकासाठी रोमला निघालेल्या मॅक्सिमिलियनची वाट व्हेनिसने अडवली. अखेर ट्रेंटो येथेच त्याने सम्राटपद धारण केले.

युद्धांनी तिजोरी रिती होत असताना त्याने विजयकमान उभारली, ती कागदावर. इतिहासकार योहानेस श्टाबियस याने योजना आखली, तर चित्रांची मुख्य जबाबदारी न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याच्याकडे आली. १९० हून अधिक लाकडी ठशांतून, ३६ मोठे कागद जोडून सुमारे साडेतीन मीटर उंचीची ही कमान तयार झाली. तिच्यावर १५१५ हे वर्ष असले, तरी छपाई १५१७-१८ मध्ये झाली. पहिल्या आवृत्तीत सुमारे ७०० संच निघाले.

मधल्या दारावर वंशवृक्ष आहे. मुळाशी ट्रॉय, सिकांब्रिया व फ्रान्सिया या प्रदेशांची प्रतीके असलेल्या स्त्रिया, वर फ्रँकांचा राजा क्लोव्हिस आणि शेंड्याला स्वतः मॅक्सिमिलियन. ट्रॉयच्या वीरांशी जोडलेले नाते इतिहासाला धरून नव्हते. प्रतिष्ठेसाठी मात्र ते हवे होते.

१२ जानेवारी १५१९ रोजी वेल्स येथे त्याचे निधन झाले. ड्यूररला मिळणारे वार्षिक १०० फ्लोरिनचे मानधन थांबले. नवा सम्राट पाचवा चार्ल्स, म्हणजेच मॅक्सिमिलियनचा नातू, याची मंजुरी मिळवण्यासाठी चित्रकाराला १५२० मध्ये नेदरलँड्सचा प्रवास करावा लागला.

इन्सब्रुकच्या चर्चमध्ये पूर्वजांचे व नातलगांचे २८ कांस्य पुतळे मॅक्सिमिलियनच्या स्मारकाभोवती उभे आहेत. आतले थडगे रिकामे आहे. सम्राटाचा देह जन्मगावीच विसावला आहे. कमानीचे कागदी संच मात्र युरोपातील संग्रहालयांत आजही जपलेले आहेत.