अज्ञानाला ठाव कोठे? : ज्ञानदेवांचे चरित्र आणि त्यांची तर्कपद्धती

ज्ञानदेवांच्या चरित्राची मांडणी आपल्याकडे बहुधा दोन प्रकारांनी झालेली आहे. एका प्रकारात चमत्कारांना अग्रस्थान मिळते. दुसऱ्यात चमत्कार वगळून उरलेल्या मोजक्या घटनांची कालसंगती लावली जाते. ‘अमृतानुभवा’तील युक्तिवादाचा विचार मात्र दोन्हींत चरित्राबाहेर, तत्त्वज्ञानाच्या स्वतंत्र प्रकरणात होतो. प्रस्तुत लेखात हे दोन धागे एकत्र आणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७ (इ. स. १२७५) मधील, हे मत रूढ आहे, शके ११९३ मानणाराही एक पक्ष आहे. वडील विठ्ठलपंत आपेगावच्या कुलकर्णी घराण्यातले, आई रुक्मिणी आळंदीची. विठ्ठलपंतांनी काशीस संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेवरून ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, असे परंपरा सांगते. त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही अपत्ये झाली, आणि संन्याशाची मुले म्हणून ती बहिष्कृत ठरली.

या बहिष्कारामागे एक अनुमान आहे. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतःच उरकतो. लौकिक व्यवहारापुरता तो मृत होतो. मृताला अपत्य होत नाही. सबब, या चार मुलांना वर्णाश्रमाच्या व्यवस्थेत जागाच उरत नव्हती. तर्कग्रंथांत असत् वस्तूचे उदाहरण म्हणून वंध्यापुत्र येतो. आळंदीत हाडामांसाची चार मुले जवळजवळ त्याच पदाला पोहोचली. वास्तविक, प्रत्यक्षाच्या विरोधात जाणारा हेतू न्यायशास्त्रानेच बाधित ठरविला आहे. परंतु येथे अनुमान टिकले आणि प्रत्यक्षाला माघार घ्यावी लागली. विठ्ठलपंत व रुक्मिणी यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, ही परंपरेतील हकीकत त्या अनुमानाची किंमत सांगते.

पुढे शुद्धिपत्रासाठी ही भावंडे पैठणला गेली. तेथील रेड्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिची ऐतिहासिकता बाजूस ठेवली, तरी तिची रचना विचारात घेण्याजोगी आहे. ज्ञानदेव हे नाव ऐकून कोणीतरी पाण्याच्या पखाली वाहणाऱ्या रेड्याकडे बोट दाखविले. त्याचेही नाव ग्यानाच होते. नाम एक, देह दोन. मग आत्मा एक की दोन? पंडितांनी उपहासाने टाकलेला हा प्रश्न कथेतील ज्ञानदेव गंभीरपणे घेतात. सर्वांभूती एकच आत्मा, ही प्रतिज्ञा मान्य असेल, तर ती रेड्यापाशी येऊन थांबण्यास कारण काय? सिद्धान्त त्याच्या अखेरच्या टोकापर्यंत नेऊन पाहण्याची ही रीत आहे. चमत्कार वजा केला, तरी हा प्रश्न शिल्लक राहतो.

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये प्रवरेकाठच्या नेवासे येथे ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली. ती गीतेच्या आधाराने चालते. त्यानंतरच्या दहा प्रकरणांच्या ‘अमृतानुभवा’त असा आधारग्रंथ नाही, येथे ज्ञानदेव स्वतःच्या युक्तीवर उभे आहेत. सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे. त्यातील एक युक्तिवाद थोडक्यात असा : अज्ञानाचा स्वभाव असा की, ते जेथे राहील तेथे जाणणे उरू नये. ते आत्म्यात राहते असे मानले, तर आत्मा काहीच जाणणार नाही. मग तेथे अज्ञान आहे हे तरी जाणावे कोणी? आणि जाणणारा कोणी उरला असेल, तर अज्ञानाने आपले काम केलेच नाही. दोन्ही पक्षी अज्ञानाला ठाव मिळत नाही. सहाव्या प्रकरणात शब्दाचीही अशीच तपासणी आहे. अविद्येचा नाश केला हा शब्दाचा दावा, पण अविद्याच नसेल तर नाश कशाचा? सूर्य रात्रीला मारतो असे आपण म्हणतो. सूर्याची आणि रात्रीची गाठ मात्र कधीच पडलेली नसते.

सूर्य, आरसा, झोप आणि जाग ही येथील उदाहरणे अलंकार म्हणून शिकविली जातात. हे अपुरे आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन या पाच अवयवांत उदाहरण हे अनुमानाचे अंग आहे. ज्ञानदेवांचा दृष्टान्त श्रोत्याला एका कल्पित स्थितीत उभा करतो आणि मूळ समजूत तेथे टिकते का, हे पाहावयास लावतो. चांगदेवांनी वडीलपणाचा मायना लिहावा की धाकटेपणाचा, या पेचात पाठविलेल्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून लिहिलेल्या पासष्ट ओव्यांतही हेच घडते. आरशापूर्वी मुख असतेच. पाहणारा आणि पाहिलेले हे द्वैत आरशाने आणलेले. लहानमोठेपणाचा पेच तेथे सोडविला जात नाही, त्याचे गृहीतकच काढून घेतले जाते.

बालपणीच्या बहिष्काराचा उल्लेख ‘अमृतानुभवा’त नाही, म्हणून त्या अनुभवातून हा तर्क जन्मला असे विधान करता येणार नाही. तरीही एवढे दिसते की, ज्याला एका अनुमानाने नाहीसे ठरविले, त्याने व्यवस्थेकडे अपवाद मागणारा ग्रंथ लिहिला नाही. वस्तू नाही असे म्हणणाऱ्याला त्या म्हणण्याचा आधार त्याने विचारला. निष्कर्षाशी भांडण्यापेक्षा गृहीतक तपासण्याची ही वृत्ती त्याच्या चरित्रकथेत आणि ग्रंथात सारखीच आढळते.

शके १२१८ (इ. स. १२९६) च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. परंपरा तिला संजीवन म्हणते, मृत्यू म्हणत नाही. आषाढीच्या वाटेवर पुणे सोडल्यानंतर ज्ञानदेवांच्या आणि तुकोबांच्या पालख्या हडपसरपर्यंत एकाच मार्गाने येतात. गाडीतळापाशी वाटा फुटतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते. ज्ञानदेवांची दिवे घाट चढून सासवडला, धाकट्या सोपानदेवांच्या समाधिस्थानी पोहोचते. पालखीत असतात त्या पादुका. रस्त्याकडेचा माणूस मात्र माउली आली असेच म्हणतो. ज्यांचे असणे आळंदीच्या शास्त्रज्ञांना अमान्य होते, त्यांचे नसणे हडपसरच्या रस्त्यावर कोणाला मान्य नाही.