संघात स्थान, पंगतीत नाही

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यातील युरोपीयांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखत आणि सरावासाठी जे. जी. ग्रेग यांना चेंडू टाकत. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती ऐकून, युरोपीयांना हरविण्याच्या ईर्षेने पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्यानेही त्यांना पाचारण केले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपीयांना नमविले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी टिपले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२३ मध्ये तो मान धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. बाळूंचे निधन १९५५ मध्ये झाले.