विश्लेषण : गांधीहत्येनंतर विनोबांनी बंदुकीला कसे उत्तर दिले?

बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांचा विषय २०२४ च्या अखेरीस विधिमंडळात गाजला. बंदूक कोणाकडे असावी आणि कशासाठी, हा प्रश्न शेजारच्या धाराशिव जिल्ह्यालाही परका नाही. पंचाहत्तर वर्षांपूर्वी या जिल्ह्याने बंदुकीची दहशत आणि तिच्यामागून येणारा सूड, दोन्ही पाहिले आहेत. त्याच वर्षी, १९४८ मध्ये, आचार्य विनोबा भावे यांनी आपले सर्वांत जवळचे माणूस पिस्तुलाच्या गोळीने गमावले. त्यानंतरची अनेक वर्षे त्यांनी शस्त्र हाती घेणाऱ्यांच्या दारात जाण्यात घालवली. त्यांना काय साधले आणि काय साधले नाही, याचा हा आढावा.

विनोबा आणि गांधीजींचे नाते कसे होते?

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आताच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात, गागोदे या गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असल्याने शिक्षण तिथे झाले. तरुणपणी त्यांना दोन ओढी होत्या. एक हिमालयाची, म्हणजे संन्यासाची. दुसरी बंगालच्या सशस्त्र क्रांतिकारकांची. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा मध्येच सुरतेला उतरले आणि काशीला गेले. बनारस हिंदू विद्यापीठातील गांधीजींच्या भाषणाची चर्चा तेव्हा ताजी होती. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती, दोन्ही एकाच माणसापाशी सापडल्याचे ते पुढे सांगत. बंदुकीचे आकर्षण वाटलेला तरुण अहिंसेकडे वळला, तो असा.

पुढची बत्तीस वर्षे हे नाते टिकले. १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी दिली. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांचीच निवड केली, तेव्हा देशातील बहुतेकांना हे नाव नवे होते.

३० जानेवारी १९४८ नंतर विनोबांनी काय केले?

दिल्लीत बिर्ला भवनात प्रार्थनेला जाताना नथुराम गोडसेने गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या. वापरलेले बेरेटा पिस्तूल हत्येच्या दोन दिवस आधी ग्वाल्हेरमध्ये मिळवलेले होते. हत्येनंतर महाराष्ट्रात अनेक गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. एका गोळीने एक माणूस गेला होता; आता ज्यांचा त्या गुन्ह्याशी काही संबंध नव्हता, तीही कुटुंबे उघड्यावर आली.

मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला गांधीजींचे सहकारी जमले. पंडित नेहरूही उपस्थित होते. तिथे विनोबांनी एक अवघड गोष्ट मोकळेपणाने मांडली. मारेकरी ज्या प्रांतातला आणि ज्या जातीतला, त्याच प्रांतातले आणि जातीतले आपणही आहोत, हे त्यांनी लपवले नाही. दोष दुसऱ्यावर ढकलून ते मोकळे झाले नाहीत. त्यानंतर ते दिल्लीला गेले आणि फाळणीच्या निर्वासितांमध्ये काम केले. हरियाणाच्या मेवात भागातून उखडल्या गेलेल्या मेव मुस्लिमांना पुन्हा गावांत वसवण्याचे कामही त्यांनी हाती घेतले.

त्याच वर्षी धाराशिवमध्ये काय घडत होते?

तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांच्या दहशतीमुळे अनेक कुटुंबांनी सीमा ओलांडून सोलापूरकडे आसरा घेतला होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने शिरले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

दहशत संपली, पण हिंसा संपली नाही. त्यानंतरच्या काही आठवड्यांत सूडाची लाट आली आणि रझाकारांशी संबंध नसलेली मुस्लिम कुटुंबेही तिच्यात सापडली. केंद्राच्या सांगण्यावरून राज्यात फिरलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. उरलेले तीन म्हणजे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात जे झाले, त्याचेच हे दुसरे रूप होते. गुन्हा काहींचा, शिक्षा त्यांच्या जातभाईंना किंवा धर्मबांधवांना.

विनोबा हैदराबाद राज्यात का आले?

हैदराबाद राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तेलंगणात, बंदुका अजून शांत झाल्या नव्हत्या. जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा सुरू होता. रात्री गनिमी तुकड्यांची, दिवसा पोलिसांची भीती. मार्च १९५१ मध्ये विनोबा वर्ध्याहून पायी निघाले आणि हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पोहोचले. हैदराबादच्या तुरुंगातील कम्युनिस्ट कैद्यांना भेटून ते तेलंगणाच्या गावांकडे वळले.

१८ एप्रिलला नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावात दलित वस्तीतील चाळीस कुटुंबांनी पोटापुरती ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी गावापुढे हा प्रश्न ठेवला आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. भूदान चळवळ इथून सुरू झाली. माणूस बंदूक का उचलतो, याचे उत्तर विनोबांना इथे मिळाले. भूक आणि अन्याय तसाच ठेवून नुसते शस्त्र काढून घेतले, तर दुसरे शस्त्र येतेच, हे त्यांच्या पुढील कामाचे सूत्र बनले.

शांतिसेना म्हणजे काय?

दंगल पेटल्यावर पोलीस गोळीबार करतात आणि त्यात अनेकदा बघेही मरतात. ही वेळ येण्याआधीच गावात कोणीतरी असावे, या विचारातून विनोबांनी १९५७ मध्ये केरळमध्ये शांतिसेना सुरू केली. कल्पना मूळची गांधीजींची. पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक असावा, एरवी त्याने लोकांची सेवा करावी आणि तणावाच्या वेळी विनाशस्त्र मध्ये उभे राहावे, अशी ही रचना होती. संकटात लोक ज्याचे ऐकतील, तो माणूस आधीपासून ओळखीचा असला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

चंबळमध्ये बंदुका खाली कशा ठेवल्या गेल्या?

या कामाची सर्वांत मोठी कसोटी १९६० मध्ये लागली. कुप्रसिद्ध डाकू मानसिंग पोलीस चकमकीत मारला गेला होता आणि त्याचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याने विनोबांना पत्र लिहून भेटीची इच्छा कळवली. विनोबा तेव्हा काश्मीरमध्ये होते. त्यांनी आपल्या वतीने मेजर जनरल यदुनाथसिंग यांना पाठवले. पुढे तहसीलदारसिंगची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली.

मे १९६० मध्ये विनोबा आग्र्याच्या बाजूने भिंड आणि मोरेनाच्या दऱ्याखोऱ्यांत पायी शिरले. ज्या ग्वाल्हेरमधून गांधीहत्येचे पिस्तूल आले, त्याच्याच शेजारचा हा मुलूख. इथे बंदूक हे अब्रूचे चिन्ह होते आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे गोळीने मिटवण्याची रीत होती. विनोबांनी माफीचे आश्वासन दिले नाही. शस्त्र ठेवा, न्यायालयाला सामोरे जा, न्याय नीट होईल आणि मागे राहिलेल्या कुटुंबांची काळजी घेतली जाईल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. एकूण वीस डाकूंनी त्यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. मानसिंगच्या टोळीतला लोकमन दीक्षित ऊर्फ लुक्का त्यांत होता. सर्वांची रवानगी तुरुंगात झाली. काहींना शिक्षा झाल्या, काही सुटले.

या कामावर टीका काय झाली?

टीका कडक होती. मध्य प्रदेश पोलिसांचे तेव्हाचे प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांनी या प्रयोगावर जाहीर नापसंती व्यक्त केली. जीव धोक्यात घालून लढणाऱ्या पोलिसांचे मनोधैर्य खचते आणि डाकूंना नायकाचे वलय मिळते, असा त्यांचा आक्षेप होता. डाकूंनी ज्यांची माणसे मारली त्या कुटुंबांचे काय, हा प्रश्नही रास्तच होता. शिवाय वीस जणांनी शस्त्रे ठेवल्याने चंबळ शांत झाले नाही. टोळ्या राहिल्या. मात्र वाट पडली होती. एप्रिल १९७२ मध्ये मोरेनाजवळच्या जौरा इथे जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने शेकडो डाकूंनी शस्त्रे ठेवली, ती याच वाटेने.

भूदानात मिळालेली बरीच जमीन नापीक किंवा वादातली निघाली आणि वाटपाविना राहिली. आणीबाणीच्या काळातील मवाळ भूमिकेमुळेही विनोबांवर टीका झाली. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला, अन्न आणि औषध सोडून, त्यांनी देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

आज कायदा काय सांगतो?

विनोबा चंबळमध्ये शिरले त्याच्या काही महिने आधी संसदेने शस्त्र कायदा, १९५९ मंजूर केला होता. आजही परवाना याच कायद्याखाली मिळतो. अर्ज आल्यावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. सार्वजनिक शांततेला धोका वाटल्यास दिलेला परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

परवान्याच्या कागदावर गावठी कट्ट्याची नोंद नसते. बांधावरचे भांडण, गावकीतले वैर आणि कंबरेला बंदूक असली की वजन वाढते ही समजूत यांवरही कायद्याचा इलाज पुरत नाही. परवाना रद्द करण्याचा अधिकार प्रशासनाकडे आहे. भांडण गोळीपर्यंत जाण्याआधी मध्ये उभा राहणारा माणूस मात्र गावालाच शोधावा लागतो. पाच हजार लोकवस्तीमागे एक, हे विनोबांचे प्रमाण कुठेच पुरे झाले नाही.