मेजर विल्यम रेडमंड

रणांगणी देह ठेवणारे वीर इतिहासात पुष्कळ आहेत. परंतु ज्याच्या मरणाने पिढीजात वैऱ्यांचे हात एका डोलीला लागले असा वीर विरळा. आयर्लंडचे मेजर विल्यम रेडमंड हे असे एक पुरुष होत.

त्यांचा जन्म १८६१ साली एका कॅथलिक घराण्यात झाला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या क्लाँगोज वुड विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तारुण्यात ते गरीब कुळांच्या चळवळीत पडले व १८८२ साली पुढारी पार्नेल यांच्यासमवेत त्यांनी तुरुंगवास भोगला. १८८३ पासून अखेरपर्यंत ते ब्रिटिश पार्लमेंटात होते, आणि वडील बंधू जॉन यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी आयर्लंडसाठी होमरूल मागितले. हाच शब्द लोकमान्य टिळकांनी १९१६ साली आपल्या देशी घरोघर पोहोचविला.

१९१४ साली जर्मनीने चिमुकल्या बेल्जमवर चढाई केली. दुर्बळाचे रक्षण हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य होय, आणि आयर्लंडचे कॅथलिक व अल्स्टरचे प्रॉटेस्टंट एकत्र लढले तर त्यांचे वैरही निवळेल, असे त्यांस मनापासून वाटले. इतरांस पुढे धाडून आपण घरी बसणे त्यांस रुचेना. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९१५ च्या आरंभी, ते रॉयल आयरिश रेजिमेंटच्या पायदळात कॅप्टन झाले व मुलांच्या वयाच्या शिपायांबरोबर खंदकांतील चिखलात राहिले. पुढे मेजरपद मिळाले. परंतु वय पाहून वरिष्ठांनी त्यांस आघाडीपासून दूर ठेविले, याचे त्यांस अतोनात दुःख झाले.

७ जून १९१७ रोजी बेल्जममधील मेसीन येथे हल्ला ठरला. रेडमंड यांनी आर्जवे करून परवानगी मिळविली आणि ते आपल्या माणसांसह निघाले. थोड्याच वेळात मनगटास व पायास जखमा होऊन ते कोसळले. त्यांस उचलून नेले ते अल्स्टरच्या प्रॉटेस्टंट डोलीवाल्यांनी. त्याच दिवशी त्यांचा अंत झाला. लोकर गावी मठाच्या बागेत त्यांस मूठमाती दिली गेली.

परंतु १९१६ चे बंड व पुढाऱ्यांना झालेला देहदंड यांमुळे मायदेशाचे मन पालटले होते. पुढच्याच महिन्यात त्यांची जागा विरुद्ध पक्षाच्या डी व्हॅलेरांनी जिंकली. इंग्रजांच्या सैन्यात पडलेल्या आयरिशांचे नाव स्वदेशी फारसे कोणी घेईना. अखेर ११ नोव्हेंबर १९९८ रोजी मेसीन येथे उभय पंथांच्या मृतांसाठी शांतिमनोरा उघडण्यात आला.

धर्मबांधवहो, बियाणे पेरणाऱ्याला पीक दिसतेच असे नाही. आपल्याही गावात एकमेकांच्या दारी न जाणारी घरे आहेत. त्यांपैकी एखादे दार तरी, डोली उचलण्याची वेळ येण्यापूर्वी, आपण ठोठावू या.