पंडिता रमाबाई : भक्तीचा रोजचा व्यवहार

देहू आणि आळंदी यांच्या शेजारी वाढलेल्या पिंपरी-चिंचवड-चाकण या कारखानदारीच्या पट्ट्याला भक्तीची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी आकुर्डीला मुक्काम करूनच पुढे जाते. प्रश्न उरतो तो पालखी पुढे गेल्यावरचा. पाळ्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या आयुष्यात भक्तीने कोणते रूप घ्यावे? याच पुणे जिल्ह्यात, सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगावी, पंडिता रमाबाईंनी या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाने नव्हे, तर संस्थेच्या दैनंदिन कारभाराने दिले. त्यांची भक्ती ख्रिस्ती होती. पण त्या उत्तराचे मोल एका धर्मापुरते मर्यादित नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले. आईने ती विद्या मुलीला दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे हिंडले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना अनुभवाने ठाऊक होते. पुढील सर्व कार्याचे मूळ येथे आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८२ मध्ये पतीही निवर्तले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापन झाला, आणि स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर हवेत, अशी साक्ष त्यांनी हंटर आयोगापुढे दिली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांच्या मनाने कौल दिला तो धर्मशास्त्रातील वादविवादाने नव्हे. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा ख्रिस्ती भगिनी किती ममतेने करतात, हे त्यांनी लंडनमधील फुलहॅम येथे पाहिले. अशा स्त्रियांना आपल्या समाजात केवळ बहिष्कार मिळतो, ही तुलना त्यांना सलली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र पाद्र्यांच्या अधिकारापुढे विवेकबुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी नकार दिला. शाकाहार आणि साधे लुगडेही सोडले नाही.

अमेरिकेत निधी उभारून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी. सदनात धर्माचा आग्रह असणार नाही, असे आश्वासन होते. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याने १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर यांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा आक्षेप केवळ कर्मठांचा म्हणून झटकून टाकणे न्यायाचे होणार नाही. जी अन्नासाठी आश्रयदात्यावर अवलंबून आहे, तिची संमती कितपत स्वतंत्र मानायची, हा प्रश्न खराच होता. पण त्याला जोडून दुसराही प्रश्न येतो : आक्षेप घेणाऱ्या समाजाने त्या मुलींसाठी दुसरे कोणते दार उघडे ठेवले होते?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. त्याच काळात पुण्यात प्लेग होता. छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी सरकारला जाहीरपणे धारेवर धरले. राज्यकर्त्यांचा धर्म आणि आपला धर्म एक आहे, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

केडगावच्या माळावर उभे राहिलेले मुक्ती सदन हे अर्थव्यवहाराच्या दृष्टीनेही अभ्यासण्याजोगे आहे. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांच्या आसपास माणसे होती. इतक्या तोंडांना केवळ देणग्यांवर पोसले असते, तर ते अन्नछत्र झाले असते. रमाबाईंनी विहिरी खणविल्या, शेती केली, गुरे पाळली. विणकाम, तेलघाणी आणि छापखाना चालविला. अंध स्त्रियांना ब्रेल शिकविली. समाजाने कलंकित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन काढले. दान घेणारी स्त्री कामकरी झाली, पुढे दुसरीला शिकवू लागली. प्रार्थनेइतकेच दळण, शिवण आणि हिशेबाची वही हीसुद्धा तेथे उपासना होती.

हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरविण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले; त्याची छपाईही मुक्तीतच झाली. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. तरीही भाषांतर हातावेगळे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

आजही दुष्काळी भागांतून आणि परप्रांतांतून माणसे पोटासाठी या औद्योगिक पट्ट्यात येतात. सणावारी त्यांना जेवण वाढणे सोपे. त्यांना हुन्नर, निवारा आणि बरोबरीची वागणूक देणे कठीण. प्रेम खरे की दिखाऊ, याचा निवाडा या कठीण भागावरच होतो. रमाबाईंनी तो भाग पंचवीस वर्षे, रोज पहाटे उठून केला.