जनक नसलेल्या संख्यांचे मास्तर

वाशीमचा पिनकोड ४४४५०५. पत्रावर हे सहा आकडे आपण सवयीने लिहून टाकतो. आता ४४४४७६ ही संख्या घ्या. तिच्या अंकांची बेरीज २९. ती तिच्यातच मिळवली की वाशीमचा पिनकोड हजर! म्हणजे ४४४४७६ ही त्याची जनक संख्या. शाळकरी मुलालाही जमेल असा हा खेळ मांडला तो देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद. त्या आकडेमोडीतूनच मुलाला संख्यांची गोडी लागली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि तेवढ्या पदवीवर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीत मुलांना शिकवत राहिले.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल सांगितले. पण देशातल्या गणितपंडितांना हा सारा पोरखेळ वाटे. मास्तर खचले नाहीत. १९६३ मध्ये त्यांनी देवळालीहूनच जनक नसलेल्या, म्हणजे स्वयंभू, संख्यांवर पुस्तिका काढली. २३ ला जनक आहे, १६. पण ३१ ला कितीही शोधा, जनक सापडत नाही. दोन्ही मूळ संख्या, १ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या. तरी एक स्वयंभू, दुसरी नाही.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून त्यांनी शिकवण्या केल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली. १९८६ मध्ये मास्तर गेले.

त्यांचा प्रश्न मात्र मागे राहिला. २००४ मध्ये एक प्रचंड मूळ संख्या सापडली. २ हा आकडा २,४०,३६,५८३ वेळा मांडून गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा. अंक भरतात ७२,३५,७३३. हिचा जनक शोधायचा कुठे? एवढ्या अंकांची बेरीज फार तर ६ कोटी ५१ लाखांच्या घरात जाईल; म्हणजे जनक असलाच तर तेवढ्या अंतरातच असणार. २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवून दिले, की तो तिथेही नाही. ३१ सारखीच तीही स्वयंभू!

ज्या प्रश्नाला पोरखेळ म्हणून बाजूला सारले, तोच बहात्तर लाख अंकांच्या संख्येला विचारला गेला. त्यासाठी मास्तरांना लागली होती ती फक्त बेरीज. ती आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवली जाते.